आत्तीचं अर्धं हसू आणि सातवी नस

गेल्या पौषातली गोष्ट. सकाळी आत्तीनं बशीतून चहाचा घोट घेतला आणि चहा तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून ओघळून लुगड्यावर सांडला. तिनं पदरानं पुसलं, पुन्हा घोट घेतला, पुन्हा ओघळ. मग बशी खाली ठेवून ती वडिलांना म्हणाली, "बापू, माझं तोंड बघ की रं. कायतरी झालंय."

वडिलांचा कोल्हापुरात बिंदू चौकाजवळ चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ होता. चेहरे बघण्यातच त्यांचा जन्म गेला. ते तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "आक्का, जरा हस बघू." आत्ती हसली. उजवा गाल वर गेला, उजव्या डोळ्याच्या कडेला सुरकुत्या उमटल्या. डावी बाजू होती तशीच राहिली. डावा डोळा तर मिटतही नव्हता.

गंगावेशीतल्या आमच्या गल्लीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. कुणी म्हणालं वारं गेलं, कुणी म्हणालं लकवा मारला, एका काकींनी पारव्याचं रक्त चोळायला सांगितलं. आम्ही रिक्षा बोलावली. आत्ती वाटभर पदर तोंडाशी धरून बसली होती. दुखत काहीच नव्हतं तिला. लाज वाटत होती.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. चेतासंस्थेचा धडा दरवर्षी असतो, मेंदूची आकृती मी फळ्यावर न बघता काढते. पण माणसाचं साधं हसणं ही केवढी मोठी करामत आहे, ते मला त्यानंतरच्या काही महिन्यांत कळलं. जे कळलं ते इथं लिहिते आहे, कारण ते कळताना झालेला आनंद एकटीकडं ठेवावा असा नाही.

डॉक्टरांनी आधी कुठलंही मशीन लावलं नाही. हात वर करायला सांगितले, एक वाक्य बोलायला लावलं, मग म्हणाले, "आजी, कपाळाला आठ्या घाला." उजव्या कपाळावर आठ्या पडल्या, डावं कपाळ इस्त्री केल्यासारखं सपाट. माझ्या पोटात गोळा आला. कपाळसुद्धा गेलं म्हणजे दुखणं जास्तच मोठं, असं मला वाटलं. डॉक्टरांचा चेहरा मात्र निवळला.

याचं कारण फार सुंदर आहे. डाव्या अंगाची हालचाल मेंदूचा उजवा भाग चालवतो आणि उजव्या अंगाची डावा. चेहऱ्याच्या खालच्या भागालाही तोच नियम. कपाळाला मात्र दोन्हीकडून पुरवठा असतो. एखाद्या घराच्या माडीला विजेच्या दोन डीपींवरून लाईन असावी आणि खालच्या खोल्यांना एकाच डीपीवरून, तसं समजा. मेंदूत रक्ताची गुठळी अडकून एक डीपी बंद पडला, तर खालच्या खोल्यांत अंधार होतो आणि माडीवरचा दिवा दुसऱ्या डीपीवर चालू राहतो. म्हणजे तोंड वाकडं होतं, पण आठ्या पडतात. याउलट सगळ्या लाईनी एकत्र होऊन घरात येणारी केबलच बिघडली, तर माडीसकट सगळं घर अंधारात जातं. आत्तीचं कपाळ सपाट होतं, हातपाय धड होते, बोलण्याचा अर्थ नीट लागत होता. बिघाड मेंदूत नव्हता. मेंदूतून निघून चेहऱ्याकडं येणाऱ्या नसेत होता.

ही परीक्षा घरी करून निर्धास्त मात्र होऊ नका. तोंड अचानक वाकडं झालं की तडक दवाखाना गाठायचा. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. पारवा शोधण्यात तेवढा वेळ सहज जातो.

मेंदूतून नसांच्या बारा जोड्या थेट निघतात. त्यातली सातवी चेहऱ्याची. ती कानामागच्या हाडातल्या बोगद्यातून वळणं घेत येते, कानाच्या पाळीखाली बाहेर पडते आणि चेहऱ्यावर पसरते. तुमचं मनगट कानाच्या पाळीखाली टेकवा आणि पाचही बोटं चेहऱ्यावर फाकवा: एक कपाळाकडं, एक डोळ्याकडं, एक गालावर, एक हनुवटीकडं, एक खाली मानेवर. तिच्या पाच फांद्या अशाच जातात. भुवई उडवणं, डोळा मिटणं, शीळ घालणं, ओठ मुडपणं, हसणं, सगळं हिच्या हुकमावर. शिवाय जिभेच्या पुढच्या भागाची चव, डोळ्यांतलं पाणी आणि कानातल्या एका इवल्याशा स्नायूची हालचालही तीच सांभाळते. मोठा आवाज आला की तो स्नायू ताणला जातो आणि आवाज थोडा बोथट करतो. म्हणूनच आत्ती त्या आठवड्यात सारखी म्हणत होती, मिक्सरचा आवाज कानात घुसतोय.

चवीचं तर आणखी गमतीचं. कांदा-लसूण चटणी जिभेच्या डाव्या बाजूला ठेवून ती म्हणाली, "तिखट लागतंय गं, पण चवच नाही." मी मनातल्या मनात उडी मारली. कारण तिखट ही चवच नव्हे. मिरचीची आग ही वेदनेची आणि उष्णतेची जाणीव आहे आणि ती पाचव्या नसेतून जाते. मीठ, आंबट, गोड सातवीतून. आत्तीची पाचवी शाबूत होती, सातवी झोपली होती. वर्गात दहा वर्षं शिकवूनही हा फरक मला इतका लख्ख कधी समजावता आला नव्हता. एका कोल्हापुरी जिभेनं तो एका वाक्यात सांगितला.

या आजाराला बेल्स पाल्सी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या नसेचं काम उलगडणाऱ्या चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यविशारदाचं हे नाव. बहुधा शरीरात आधीपासून दडून बसलेला एखादा विषाणू जागा होतो आणि नसेला सूज येते, असं मानलं जातं. मधुमेह असणाऱ्यांत आणि गरोदरपणात याचं प्रमाण जास्त दिसतं, आणि आत्तीला साखर आहेच. इतर ठिकाणची नस सुजली तर तिला फुगायला जागा असते. ही हाडाच्या बोगद्यात, आणि तो बोगदा सर्वांत अरुंद जागी एक मिलिमीटरहूनही कमी. हातातली घट्ट बांगडी आठवा. हात सुजला की बांगडी रुतते, बांगडी रुतली की हात आणखी सुजतो. नसेचं तसंच होतं. म्हणून सूज उतरवायची घाई करावी लागते.

सूज उतरवणारं औषध म्हणजे स्टेरॉइड. नाव ऐकताच वडील दचकले, त्यांना तालमीतल्या पोरांच्या चोरट्या सुया आठवल्या. हे स्टेरॉइड वेगळं आणि दिवसही मोजके. स्कॉटलंडमध्ये या आजाराच्या ५५१ रुग्णांवर अभ्यास झाला होता, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या ७२ तासांत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलेल्यांपैकी सुमारे ९४ टक्के नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले. ते न मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ८२ टक्के होतं. म्हणजे बरेच जण आपले आपणही बरे होतात, आणि पारव्याच्या रक्ताला यश मिळतं ते याचमुळं. पण मधले ते बारा टक्के औषधाचे. शंभरातल्या बारा जणांचं हसू मला लहान वाटत नाही. आत्तीला गोळ्या सुरू झाल्या, साखर रोज तपासायची ठरली, डोळ्यात थेंब, रात्री पापणीवर चिकटपट्टी.

मग वाट बघणं. नस आतून तुटली-झिजली असेल तर तिचा तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. कानामागून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत दहा सेंटिमीटर धरले, तर शंभर दिवस. आत्ती त्या सावकाश बऱ्या होणाऱ्यांतली निघाली. रोज संध्याकाळी वडील तिला आरशासमोर बसवायचे. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी बजावलं होतं, जोर लावायचा नाही, हळू आणि थोडंच. भुवई, डोळा, फुंकर, मग अक्षरं. प, फ, ब, भ म्हणायला दोन्ही ओठ मिटावे लागतात. आत्तीला "बापू" म्हणता येत नव्हतं. मधून हवा निसटायची आणि भलतंच काही ऐकू यायचं. सत्तर वर्षं ज्या हाकेनं भावाला बोलावलं, तीच हाक गेलेली.

वडिलांनी उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाला कधी "हसा" म्हटलं नाही. हसा म्हटलं की माणूस दात दाखवतो, असं ते म्हणत. नवरदेव ताठरून बसला की ते कॅमेऱ्यामागून विचारायचे, "काय पावणं, लग्नात पांढरा रस्सा पुरला का?" नवरदेवाच्या चेहऱ्यावर काहीतरी फुटायचं आणि तेवढ्यात खटका दाबलेला असायचा. मी त्यांना सांगितलं, तुमच्याआधी शे-सव्वाशे वर्षं पॅरिसमध्ये एका डॉक्टरानं हेच शोधून काढलं होतं, आणि तेही फोटोच काढून.

त्याचं नाव द्युशेन. त्याच्याकडं एक म्हातारा रुग्ण होता, पूर्वीचा चांभार, ज्याच्या चेहऱ्याला संवेदनाच नव्हती. द्युशेन त्याच्या चेहऱ्यावर विजेची टोकं टेकवून एकेक स्नायू आखडवायचा आणि फोटो घ्यायचा. त्या काळच्या कॅमेऱ्याला चेहरा बराच वेळ स्थिर लागे, आणि विजेनं आखडलेला स्नायू तसाच धरून ठेवता येई. गालाच्या हाडापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा स्नायू ओढला की ओठ हसतात, पण चेहरा हसत नाही, असं त्याला दिसलं. मग त्यानं त्याच माणसाला गमतीचं काहीतरी सांगितलं. या वेळी डोळ्याभोवतीचा गोल स्नायूही आवळला गेला, गाल वर चढले, कडेला सुरकुत्या आल्या. १८६२ साली त्यानं हे छापलं. दहा वर्षांनी चार्ल्स डार्विननं भावना आणि चेहरा यांवर पुस्तक लिहिलं, त्यात द्युशेनचे फोटो वापरले. डोळ्यांसकट येणाऱ्या हसण्याला आजही द्युशेन हसू म्हणतात.

वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि मला वाटत होतं ही माझीच युक्ती."

युक्ती चालते कशी, तेही आता ठाऊक आहे. हसण्याचे मेंदूत दोन रस्ते आहेत. ठरवून हसायचा हुकूम मेंदूच्या वरच्या थरातून सुटतो, जिथून हात उचलायचा हुकूम सुटतो तिथूनच. आपसूक येणारं हसू खोलवरच्या, भावनांशी निगडित भागांतून येतं. दोन्ही रस्ते शेवटी सातव्या नसेलाच मिळतात, पण वर ते वेगळे असतात. म्हणून वरच्या थराला इजा झालेला एखादा रुग्ण "हसा" म्हटल्यावर अर्धाच हसतो, आणि नातू काहीतरी बोबडं बोलला की पूर्ण. पार्किन्सन्समध्ये, म्हणजे कंपवातात, उलटं होऊ शकतं. सांगितलं तर हसता येतं, पण आपणहून चेहऱ्यावर फारसं काही उमटत नाही. घरच्यांना वाटतं माणूस तुसडा झाला. तो तुसडा झालेला नसतो, त्याचा आतला रस्ता बंद होत असतो. हे एवढं जरी माहीत झालं तरी कितीतरी घरांतली कटुता कमी होईल.

द्युशेनचं एक म्हणणं मात्र पुढं टिकलं नाही. डोळ्याभोवतीचा स्नायू ठरवून हलवता येत नाही, डोळे खोटं हसूच शकत नाहीत, असं तो मानायचा. अलीकडच्या प्रयोगांत दिसलं की बऱ्याच लोकांना ते जमतं. शिवाय ओठ जोरात ताणले की गाल वर सरकून डोळे आपोआप बारीक होतात. तेव्हा डोळ्यांच्या सुरकुत्या बघून माणसाची परीक्षा करणारे व्हिडिओ फारसे मनावर घेऊ नका. हसू किती सावकाश उमलतं आणि किती सावकाश मावळतं, त्यातून जास्त कळतं.

खासबाग मैदानात कुस्ती बघितलेल्या माणसाला पुढचा अभ्यास लगेच पटेल. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये डेव्हिड मात्सुमोतो या मानसशास्त्रज्ञानं बॉब विलिंगहॅम या फोटोग्राफरला सोबत घेऊन ज्युदोपटूंचे चेहरे टिपले. लढत संपल्याच्या त्याच क्षणी. सुवर्ण मिळवलेल्या १४ पैकी १३ जण हसले. कांस्य मिळवलेल्या २६ पैकी १८ हसले. रौप्य मिळवलेल्यांपैकी एकही नाही. ज्युदोत कांस्य शेवटची लढत जिंकून मिळतं आणि रौप्य शेवटची लढत हरून. नंतर पदकाच्या चौथऱ्यावर रौप्यवालेही हसले, पण ते जनरीतीचं हसू.

मग त्या दोघांनी पॅरालिंपिकमधल्या अंध ज्युदोपटूंचे फोटो पाहिले. त्यातले काही जन्मापासून अंध. आयुष्यात ज्यांनी एकही हसरा चेहरा पाहिला नाही, त्यांचेही चेहरे जिंकल्या-हरल्यावर डोळसांसारखेच हलले. चौथऱ्यावरचं जनरीतीचं हसूसुद्धा तसंच. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि मला कुणाला तरी उठवून सांगावंसं वाटत होतं. हसणं आपण बघून शिकत नाही. ते घेऊनच येतो.

तान्ही बाळं झोपेत हसतात तेव्हा आपल्याकडं सटवाई हसवते म्हणतात. ते हसू खरोखर कुणासाठी नसतं, कोवळ्या मेंदूची आपोआप होणारी हालचाल असते ती. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमाराला बाळ पहिल्यांदा तुमच्याकडं बघून, तुमच्यासाठी हसतं.

हे मी आमच्या गल्लीतल्या एका बाळामुळं सांगते आहे. ते पोर कार्तिकात जन्माला आलं, वरचा ओठ एका बाजूला दुभंगलेला. गल्लीतल्या बायांनी लगेच हिशेब जुळवला. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण झालं होतं, तेव्हा बाळाच्या आईला, त्या घरच्या सुनेला, सातवा महिना. "चिरलं असंल कायतरी," त्या म्हणाल्या. आमची आत्तीही त्यांतलीच होती. त्या पोरीनं तर ग्रहण पाळलं होतं, सुईसुद्धा धरली नव्हती, रात्रभर भिंतीला टेकून बसली होती. तरी बोल तिलाच.

आता चेहरा कसा तयार होतो बघा. गर्भ अगदी लहान असताना दोन्ही बाजूंचे उंचवटे आणि मधला उंचवटा एकमेकांकडं सरकतात आणि नाकाखाली जुळतात. वरच्या ओठावरची मधली पन्हळ ही त्या घडणीचीच खूण. ही जुळणी पहिल्या सातेक आठवड्यांत होऊन जाते, बऱ्याचदा बाईला दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते तेव्हा. जुळणी कुठं राहिली तर ओठ दुभंगलेला राहतो. म्हणजे त्या बाळाचा ओठ ग्रहणाच्या आधी जवळजवळ पाच महिने जसा व्हायचा तसा होऊन गेला होता. जगात दर सातशे जन्मांमागं साधारण एका बाळाला ओठाचा किंवा टाळूचा असा दोष असतो. कारणं अनेक: आनुवंशिकता, तंबाखू, ताब्यात नसलेला मधुमेह, फिट्सची काही औषधं. अनेकदा एक असं कारण बोट ठेवून दाखवताच येत नाही. चंद्र त्या यादीत नाही.

हे मी आत्तीला आकृती काढून दाखवलं. ती आकृतीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे आमी त्या पोरीला उगंच बोललो." त्या बाळाला न्हाऊ घालायला आत्तीच जायची. तोंड वाकडं झाल्यावर जाणं बंद केलं होतं, पोर भिईल म्हणून. दुसऱ्या दिवशी ती सूनच बाळाला घेऊन आमच्याकडं आली आणि तिनं ते आत्तीच्या मांडीवर ठेवलं. आत्तीनं सवयीनं पदर तोंडावर ओढला, पण दोन्ही हात बाळाला लागले आणि पदर सुटला. बाळानं तिच्याकडं टक लावून पाहिलं. आणि हसलं. दुभंगलेला ओठ हसताना आणखी रुंद होतो, सगळं बोळकं उघडं पडतं. आत्ती हसली, अर्धी.

असा ओठ शिवायचं काम म्हणजे कापड कमी पडलेलं नाही, तुकडे चुकीच्या जागी आहेत, अशी शिलाई. ही दृष्टी १९५० च्या दशकात कोरियात काम करणाऱ्या राल्फ मिलार्ड या अमेरिकी शल्यविशारदानं दिली. त्याआधीच्या पद्धतींत ओठ घट्ट किंवा सपाट दिसायचा. त्यानं एक बाजू फिरवून खाली आणली, दुसरी पुढं सरकवली, आणि शिवण नैसर्गिक उंचवट्यावर बसवली. आत ओठाभोवतीचा गोल स्नायूही जोडावा लागतो, नाहीतर ओठ दिसायला नीट आणि हसताना वाकडा. शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात होते. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा दोष येतो, आणि स्माइल ट्रेनसारख्या संस्थांच्या मदतीनं देशात अनेक रुग्णालयांत ती फुकट होते. हे माहीत नसल्यामुळं थांबलेली मुलं अजूनही आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते.

दोन महिने झाले तरी आत्तीचा डावा गाल हलेना, तेव्हा ती चिडली. "आतनं हसू येत नाही आणि नुसतं त्वांड ताणून काय उपेग?" तिला माहीत नव्हतं, पण मानसशास्त्रातला एक नामांकित वाद तिनं नेमका पकडला होता.

चेहरा हसरा केला तर मन हसरं होतं का? १९८८ मध्ये फ्रिट्झ श्ट्राक हे जर्मन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी लोकांना तोंडात पेन धरायला लावलं. दातांत धरलं की चेहरा नकळत हसरा होतो, ओठांत धरलं की होत नाही. मग व्यंगचित्रं दाखवली. दातांत पेन धरणाऱ्यांना ती जास्त गमतीदार वाटली. हा प्रयोग जगभर गाजला. पुढं श्ट्राक यांनी स्वतःच आपला प्रयोग पुन्हा तपासायला पुढं केला, आणि २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी तो जवळजवळ १,९०० लोकांवर करून पाहिला. परिणाम दिसला नाही.

इतर कुठल्याही क्षेत्रात इथं भांडण होऊन दोन तट पडले असते. इथंही वाद झाला. कुणी म्हणालं, या वेळी समोर कॅमेरा ठेवला होता, आपल्याकडं कुणी बघतंय म्हटल्यावर माणूस अवघडतो. पण मग मानणारे, न मानणारे आणि काठावरचे अशा सगळ्यांनी एकत्र बसून एकच प्रयोग आखला, काय दिसलं तर काय मानायचं ते आधी लिहून ठेवलं, आणि १९ देशांतल्या ३,८७८ लोकांवर तो केला. २०२२ मध्ये निकाल आला. हसऱ्या चेहऱ्याची नक्कल केली किंवा ठरवून गाल वर ओढले, तर थोडं बरं वाटतं. थोडंच, पण वाटतं. पेनाचं मात्र नक्की म्हणता येत नाही.

मला या गोष्टीत चंद्रावर यान उतरण्याइतकाच थरार वाटतो. चौतीस वर्षं, एवढे देश, आणि प्रश्न काय, तर उसनं हसू मनाला पोचतं का. ज्यांचं म्हणणं खोटं ठरू शकत होतं, तेच तपासायला पुढं आले. हसायला १७ स्नायू आणि रागवायला ४३ असा मेसेज दर आठवड्याला कुणीतरी पाठवतं. त्याला कसलाही आधार नाही, पण तो कधी बदलतही नाही. विज्ञान बदलतं, म्हणून माझा त्यावर जीव आहे.

रंकाळ्यावर सकाळी हास्यक्लबवाले हात वर करून हसतात. १९९५ साली मुंबईत सुरू झालेली ही कल्पना. मला पूर्वी ते बघून अवघडायला व्हायचं. आता मी त्यांच्या बाजूनं थोडी हळू चालते.

नस बरी होणारच नसेल तरीही आता मार्ग आहे. १९७६ मध्ये जपानच्या कियोनोरी हारी यांनी मांडीच्या आतल्या बाजूचा एक पातळ स्नायू रक्तवाहिन्यांसकट काढून चेहऱ्यात बसवल्याचं प्रसिद्ध केलं. मांडीला त्याची फारशी उणीव भासत नाही. गालात गेल्यावर त्याला चालवायला नस लागते. कधी चांगल्या बाजूच्या सातव्या नसेचा फाटा पोटरीतल्या नसेचा तुकडा जोडून पलीकडं नेतात, कधी चावायच्या स्नायूची नस जोडतात. दुसऱ्या प्रकारात रुग्णाला सुरुवातीला हसण्यासाठी दात चावावे लागतात. दात दाबले की गाल वर. आरशासमोर महिनोन्‌महिने सराव केल्यावर काहींना न चावताही हसता येऊ लागतं. मेंदू जुन्या तारेवर नवं काम शिकतो.

आत्तीवर ती वेळ आली नाही. चैत्रात एका संध्याकाळी आरशासमोर बसून ती "बापू" म्हणाली आणि दोन्ही ओठ मिटले. वडील स्वयंपाकघरात होते. ते तिथूनच म्हणाले, "आलो," आणि मग काय ऐकलं ते ध्यानात येऊन दारातच थांबले.

नस वाढली, पण सगळे तंतू जुन्या पत्त्यावर गेले नाहीत. ओठाकडं निघालेले काही डोळ्याकडं वळले. त्यामुळं आता आत्ती हसली की तिचा डावा डोळा अर्धा मिटतो. यालाही व्यायाम आहे, तो चालू आहे.

बाळाचा ओठ फाल्गुनात शिवला, तो छान जुळला आहे. शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात ती सून आमच्याकडं आली होती, फोटो काढून घ्यायला. ती म्हणाली, "काका, हिचं हे हसू आता बदलणार. मला हे पण पाहिजे." वडिलांनी जुना कॅमेरा काढला. खिडकीपाशी खुर्ची ठेवली, बाळाला आत्तीच्या मांडीवर दिलं. आत्ती म्हणाली, माझं नको, माझं तोंड अजून वाकडं आहे. वडील कॅमेऱ्यामागून म्हणाले, "आक्का, लहानपणी तू मला जोतिबाच्या जत्रेत हरवलं होतंस, आठवतंय?"

तो फोटो आमच्या सोप्यात लावलाय. मोठा ओठ अर्धाच वर गेलेला, छोटा ओठ दोन ठिकाणी हसणारा. बाळानं आत्तीची बोरमाळ मुठीत घट्ट धरली आहे.